विमलमावशींचा हात

विमलमावशी कुणाच्याही घरी गेल्या की आधी मांजराच्या हिरड्या पाहत, मग माणसांची विचारपूस. लोधीपुऱ्यात त्यांच्यामागे लोक हसायचे. हसेनात का! जनावरांच्या दवाखान्यात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांकडून लस आणून गल्लीतल्या मांजरांना त्याच टोचत. पिल्लू ओरडायच्या आत सुई बाहेर, असा हात.

"एका सुईनं काय होतं? अर्धी भिंत बांधून चोर थांबतो का?" असं म्हणत दुसऱ्या सुईसाठी त्या दारात हजर. कुणी टाळाटाळ केली तर सरळ झापत, "बिमारी काय तुला टाईम विचारून येईल?"

त्या मे महिन्यात गल्लीत मांजरांच्या पार्व्होची साथ आली. पिल्लं हिरवं-पिवळं ओकायची, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायची, पण घोटभर पाणी पीत नसत. मावशींकडे आई मेलेली चार पिल्लं होती. ड्रॉपरनं दूध पाजून जगवलेली. एकट्या बाईचा सगळा जीव त्या चौघांत. लस आणली आणि नेमका त्यांचा फ्रिज बिघडला, म्हणून कुप्या शेजारी माझ्याकडे ठेवल्या. "खालच्या खणात ठेव हं. बर्फात नको."

आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जाणार म्हटलं की जे टिकवायचं ते आधीच बर्फाच्या खणात कोंबायची सवय. दूध, कणिक, सगळंच. मीही शहाणपणा केला. म्हटलं, जास्त गार तेवढं चांगलं. सकाळी पाहते तर कुप्यांत बर्फाचे खडे. मी त्या मुठीत धरून वितळवल्या, पदराला पुसल्या आणि खाली ठेवून दिल्या.

"खालीच होत्या ना?" मावशींनी विचारलं.

"हो मावशी."

काय बिघडलं असतं खरं सांगितलं असतं तर? दोन शिव्या खाल्ल्या असत्या, एवढंच. पण जीभ उचलली नाही माझी.

त्यांनी चौघांना टोचलं, तरी पंधरवड्यात चारही पिल्लं गेली. शेवटचं त्यांच्या मांडीवर तडफडून मेलं. मी शेजारीच बसले होते. मावशी स्वतःच्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "माझा हातच गेला गं. सुई कातडीच्या बाहेर गेली असंल." तेव्हाही मी गप्प. त्या दिवसापासून त्यांनी सुई धरली नाही. मांजर घेऊन कुणी आलं तर म्हणत, "डॉक्टरकडे न्या, माझ्या हातावर भरोसा नका ठेवू." डॉक्टरकडे कोण नेतंय? पुढचे दोन्ही उन्हाळे गल्लीत पिल्लं मरत राहिली.

मावशी अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी एकदाचं सगळं सांगितलं, कुप्या गोठल्या होत्या, लसच निकामी झाली होती. रडत रडत. त्यांनी पांघरुणातून हात काढून उलटासुलटा करून पाहिला.

"म्हणजे माझा हात बराबर होता?"

"हो मावशी."

"चुकतं गं माणूस. पण दोन वर्षं का नाही बोललीस? किती पिल्लं टोचली असती मी."

चौथ्या दिवशी त्या गेल्या. मला माफ केलं का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.