पेटीतलं ब्लँकेट आणि यकृताचे दाणे

फरीदाबादला आमच्या लॅबच्या एका बाजूला ट्रॅक्टरचे सुटे भाग तयार व्हायचे, दुसऱ्या बाजूला कुकरच्या शिट्ट्या, आणि मधल्या दुमजली इमारतीत मी माणसाचं यकृत तयार करत होते. हे वाक्य मी तेव्हा भेटेल त्याला ऐकवायची. लोक "अच्छा!" म्हणून विषय बदलायचे, पण माझा उत्साह त्यानं कमी व्हायचा नाही.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. परदेशी कंपन्या आपली नवी औषधं तपासायला आमच्यासारख्या छोट्या खासगी लॅबना देऊ लागल्या होत्या. औषधानं यकृत बिघडतं का, हे आम्ही उंदरांवर आणि बशीत वाढवलेल्या पेशींवर बघायचो. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. आणि यकृताच्या पेशी बशीच्या तळाला चिकटल्या की पोळीसारख्या चपट्या होतात आणि चार-पाच दिवसांत यकृताची बरीचशी कामं विसरून जातात. मग त्यांना काय विचारणार, कप्पाळ?

माझं म्हणणं होतं की बशीला चायनाग्रासचा पातळ थर द्यायचा, खरवसासारखा गुळगुळीत. त्यावर पेशींना चिकटायला जागा मिळत नाही, मग त्या एकमेकींनाच धरून बसतात आणि त्यांचा दाणा तयार होतो, राजगिऱ्याहूनही बारीक. असा दाणा यकृताची कामं विसरत नाही, असं मी वाचलं होतं. आमच्या साहेबांनी मला एक टेबल आणि सहा महिने दिले. पाच महिने पेशींनी माझा छळ केला. सहाव्या महिन्यात एका मोठ्या ऑपरेशनमध्ये काढलेल्या यकृताच्या कडेचा निरोगी तुकडा, पेशंटच्या परवानगीनं, बर्फात घालून आला आणि त्यातून दाणे जमले. गोल, घट्ट, चकचकीत! मी मायक्रोस्कोपवरून उठायलाच तयार नव्हते.

"मंडे को दिखाओ," साहेब म्हणाले. "नहीं तो वो टेबल मैं चूहों को दे दूँगा." साहेब चेष्टा करणाऱ्यांपैकी नव्हते. उंदरांचे नवे पिंजरे खरंच खाली गोदामात येऊन पडले होते.

शुक्रवारी सकाळी दहा वाजता लाइट गेली. फरीदाबादला ती रोजच जायची, पण त्या दिवशी ट्रान्सफॉर्मरच जळला आणि आमचा जनरेटरही दोनदा खोकून बंद पडला. पेशी ठेवायचं कपाट सदतीस अंशांवर लागतं, आणि बाहेर नोव्हेंबरची थंडी. कपाट गार व्हायला लागलं. मी घरी बाबांना फोन लावला.

बाबा म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. सातारा जिल्ह्यातलं गाव सुटलं ते सुटलंच. कँटोन्मेंटमधली क्वार्टर्स बदलत शेवटी ते माझ्याबरोबर इथल्या नव्या सोसायटीत राहायला आले होते.

"थंडीत ऊब कशी धरून ठेवायची हे आम्हाला विचारायचं," ते फोनवर म्हणाले. "सियाचिनला नाही गेलो, पण लेहला दोन वर्षं काढली आहेत. आलोच बघ."

वीस मिनिटांत ते स्कूटरवरून दोन गरम पाण्याच्या पिशव्या आणि त्यांचं फौजी ब्लँकेट घेऊन हजर. मी थर्मोकोलच्या खोक्यात पिशव्या ठेवल्या, त्यावर दाण्यांच्या दोन बशा, शेजारी तुलनेसाठी चपट्या पेशींची एक, आणि सगळ्याभोवती ब्लँकेट गच्च खोचलं. दाण्यांची तिसरी बशी खोक्यात मावेना. तिला कपाटातच, देवाच्या हवाली करून, दार लावून टाकलं. बाबा संध्याकाळी पाचला लाइट येईपर्यंत खोक्यापाशी स्टुलावर बसून होते. पिशव्यांमधलं पाणी दोनदा बदललं त्यांनी. लाइट आल्यावर मी खोक्यातल्या बशा कपाटात परत ठेवल्या. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी घरी जाताना वाटेत जिलबी घेतली.

शनिवारी सकाळी बघते तर खोक्यातल्या दोन्ही बशांमधले दाणे काळपट पडून फुटले होते. मी निळा रंग घातला. मेलेल्या पेशी तो पितात, जिवंत पेशी आत शिरू देत नाहीत. सगळे दाणे निळेशार झाले. सहा महिन्यांचं काम! मी स्वच्छतागृहात जाऊन रडले, मग तोंड धुऊन आले आणि उरलेल्या दोन बशा पाहिल्या. कपाटात एकटी गारठत पडलेली तिसरी बशी धडधाकट होती. आणि खोक्यातल्या चपट्या पेशीसुद्धा मजेत!

म्हणजे जिला वाचवायला मी काहीही केलं नाही, ती वाचली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. थंडीनं मेले म्हणावं, तर सगळ्यात जास्त थंडी तिसरीनं खाल्ली होती. खोक्यात काही विषारी होतं म्हणावं, तर चपट्या पेशी कशा जगल्या? डोक्याचा भुगा झाला.

रविवारी दुपारी बाबांनी ब्लँकेट उन्हात घालायला झटकलं आणि घडीतून एक झिजलेली पांढरी गोळी टणकन फरशीवर पडली.

"अरे! डांबरगोळी राहिली होती की," बाबा म्हणाले.

इकडे दिल्लीच्या बाजूला मार्चमध्ये लोकरीचं सगळं डांबरगोळ्या घालून पेटीत जातं आणि दिवाळीनंतर बाहेर येतं. नोव्हेंबरात बसपासून ऑफिसपर्यंत माणसांना तोच वास. आमच्या नाकांना तो कधीच कळेनासा झाला होता. आणि मी त्या ब्लँकेटात, वर गरम पाण्याची ऊब देऊन, सात तास पेशी कोंडून ठेवल्या होत्या!

आधी मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग मी जागच्या जागी थांबले. डांबरगोळीचा वास स्वतः पेशींना फारसं काही करत नाही. यकृत तो पचवायला जातं आणि पचवताना त्याचंच जहाल विष तयार होतं, हे मी कॉलेजात शिकले होते. चपट्या पेशी पचवणं विसरल्या होत्या, म्हणून जगल्या. दाण्यांनी यकृताचं काम केलं. म्हणून तर ते मेले!

"बाबा!" मी ओरडले. "बाबा, ते खरंच यकृत आहे!"

बाबांचा चेहरा पडलेलाच होता. "पण माझ्यामुळे मेलं ना गं सगळं?"

"तुमच्यामुळेच तर कळलं हो!" मी त्यांना गदागदा हलवलं. शेजारच्या सरदारणी काकू गॅलरीत येऊन बघायला लागल्या.

सोमवारी साहेबांनी निळ्या बशा पाहिल्या आणि स्वतःच मला वाट काढून दिली. "बिजली गई थी ना? रिपोर्ट में वही लिख दो. दो हफ्ते और ले लो."

मोह झाला, खोटं कशाला बोलू. फरीदाबादमध्ये लाइट गेली म्हटलं की सगळं माफ होतं. पण तसं लिहिलं असतं तर दाण्यांनी जे केलं तेही पुसलं गेलं असतं. मी ब्लँकेट, गोळी, माझा मूर्खपणा, सगळं सांगून टाकलं. साहेबांनी निळ्या बशा बाजूला सारल्या. मग म्हणाले, "तीसरी डिश बची है? मेरे सामने करो."

मी वाचलेल्या दाण्यांचे दोन भाग केले, चपट्या पेशींचेही दोन. एकेका भागात डांबरगोळीचा अर्क घातला, मोजून. कुठल्या बशीत काय आहे ते साहेबांनी एका कागदावर लिहून खिशात ठेवलं आणि बशांवर नुसते आकडे टाकले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांत निळा रंग घालून मी मायक्रोस्कोपला डोळा लावला. "दोन नंबर," मी म्हणाले. "फक्त दोन नंबरचे दाणे मेले. बाकी सगळं जिवंत आहे, सर."

साहेबांनी खिशातला कागद काढून वाचला, मग स्वतः स्टुलावर बसून चारही बशा पुन्हा पाहिल्या. मग ते आपल्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, आता पिंजरे वर येणार.

ते एक छोटी बाटली घेऊन परत आले. एका कंपनीचं नवं औषध होतं ते. आमच्याच चपट्या पेशींनी आणि उंदरांनी ते पास केलं होतं, कंपनीला रिपोर्ट पाठवणं तेवढं राहिलं होतं आणि पुढच्या महिन्यात ते माणसांना द्यायला सुरुवात होणार होती. त्यांनी बाटली माझ्या टेबलावर ठेवली.

"भेजने से पहले," ते म्हणाले, "एक बार इनसे भी पूछ लो."