विहीणबाईंनी न तपासता पास केलेला शेवट

जगात सिनेमा बघणारी माणसं चिक्कार असतील, पण सिनेमा तपासणारी बाई देवाने एकच घडवली, आणि ती नेमकी माझ्या मुलीला सासू म्हणून दिली. आमच्या विहीणबाई भोसरीच्या. मूळ घर जुन्या गावठाणातलं, वागणं रोखठोक, आणि सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर झालेली. समोर दिवा, हातात गाडीचा एखादा बारका पार्ट. तो दिव्याखाली फिरवायचा, ओरखडा दिसतोय का बघायचं आणि तीनपैकी एका डब्यात टाकायचा. ओके, रिवर्क, नाहीतर रिजेक्ट. नोकरी संपली, टेबल सुटलं, पण बाईंच्या डोळ्यांपुढचा तो दिवा काही विझला नाही. मग त्यांनी त्याच्याखाली सिनेमे धरायला सुरुवात केली.

दर शुक्रवारी नवीन सिनेमाचा पहिला खेळ बघायचा म्हणजे बघायचा. पाऊस असो, घरात पाहुणे असोत, पुणे-नाशिक रस्त्यावर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत असोत. लग्नानंतरच्या पहिल्याच शुक्रवारी माझी मुलगी सासूबाईंसाठी पुरणपोळी करत होती. ह्या डोकावल्या नि म्हणाल्या, "झाकून ठेव गं. पोळी पळत न्हाई, पिक्चर पळतो." आणि गेल्या. मुलीने रडवेल्या आवाजात मला फोन केला. मी तिला म्हटलं, अगं, दुसऱ्यांच्या सासवा घरात बसून सुनेला तपासतात, तुझी बाहेर जाऊन सिनेमा तपासते. तू नशीबवान आहेस.

थिएटरात मात्र त्यांच्या शेजारी बसणं म्हणजे परीक्षेला बसणं. बोलायचं नाही, मोबाइल बघायचा नाही, मका चघळायचा नाही. मध्यंतरात मी सांगवीकरणीच्या मोकळेपणाने "छान चाललाय, नाही?" असं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "इहीणबाई, आर्ध्या पार्टावर शिक्का मारीत न्हाईत." शेवटी सगळं थिएटर उठून जिन्यापर्यंत पोचतं, झाडणारा माणूस झाडू घेऊन दारात उभा राहतो, आणि ह्या पडद्यावरचं शेवटचं नाव वर सरकेपर्यंत हलत नाहीत. "ज्यांनी काम केलं त्यांची नावं हायेत ती. आपली कुणी लावली होती का कधी?" एवढं बोलून परत पडद्याकडे. झाडणाऱ्याला आता सवय झालीय. तोही दाराशी उभा राहून नावं वाचतो.

मग संध्याकाळी, आता त्या लेकाकडे राहतात त्या मोशीच्या सोसायटीतल्या बाकावर निकाल लागतो. तिथे आम्हा बायकांचा सिनेमाचा अड्डा आहे. मी खास सांगवीहून जाते, मुलीला भेटायचं निमित्त करून. एकदा एका मारामारीच्या नव्या सिनेमावर सगळ्या खूश होत्या. विहीणबाई म्हणाल्या, "रिजेक्ट. मानूस चिखलातनं लोळला, आगीतनं आला, आन् शर्टाची इस्त्री तशीच. कुणी केली इस्त्री?" अड्ड्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिकाबाई आहेत. त्यांना नवं काहीच आवडत नाही. त्या सुस्कारा सोडून म्हणाल्या, "आपल्या वेळचे सिनेमे, त्यात एक ओरखडा शोधून दाखवा." त्यावर आमच्या विहीणबाई, "वरखडे तवाबी होते, बाई. आपला दिवा बारीक होता." मुख्याध्यापिकाबाई त्या दिवशी बाकावरचा रोजचा प्राणायाम न करताच घरी गेल्या.

पण एका जुन्या सिनेमाचं नाव निघालं की ह्याच विहीणबाई लोण्यासारख्या मऊ व्हायच्या. होडीवाल्याचा सिनेमा. तो अल्याड, ती पल्याड, मधे नदी, आणि तिच्याकडे जायला त्याची एकच होडी. तो त्यांनी नवऱ्याबरोबर पिंपरीच्या एका थिएटरात बघितला होता, लग्नानंतर दोनेक वर्षांनी. त्या थिएटरच्या जागी आता गाड्यांचं शोरूम आहे. शेवट मात्र बघायचा राहिला, कारण यजमानांची दुसरी पाळी होती आणि कंपनीची बस कुणासाठी थांबायची नाही. नदीला पूर यायला लागला, यजमानांनी बाईंच्या कोपराला हात लावला, आणि दोघं उठली. पुढे काय झालं ते यजमानांनी कंपनीत कुणाला तरी विचारलं आणि घरी येऊन सांगितलं. ते असं, की पूर ओसरतो, सरकार नदीवर पूल बांधतं, होडीवाला त्या पुलाच्या कामावर लागतो आणि पर्मनंट होतो. मग दोघांचं लग्न.

विहीणबाई हे पहिल्यांदा बाकावर सांगत होत्या तेव्हा मुख्याध्यापिकाबाईंनी तोंड उघडलं होतं. मी त्यांचा पदर ओढला. तो सिनेमा आम्ही सगळ्यांनी बघितलाय. त्यात पूल नाही. पूर येतो, सकाळी रिकामी होडी काठाला लागते, ती मुलगी पाण्यात उतरून होडीचा दोर धरते, आणि संपतं. पण आमचे जावई एकदा मला जिन्यात गाठून म्हणाले होते, "आई, तो शेवट बाबांनी सांगितलाय. आता बाबा नाहीत. असू द्या तसाच." म्हणून अख्खा बाक गप्प. नव्या सिनेमावर वाद पेटला की विहीणबाई तेच अस्त्र काढायच्या. "शेवटाला पर्मनंट झालेला दुसरा हीरो दाखवा मला." आम्ही काय दाखवणार? जगाच्या पाठीवर तसा दुसरा नव्हताच. पहिलाही नव्हता.

गंमत म्हणजे, यजमानांविषयी त्यांची एकच कायमची तक्रार असायची. "मानूस चांगला, बस बंद झाल्यावर जन्मभर सायकलीनं कामावर गेला, पर पिक्चरमधलं काय कळायचं न्हाई. दिवे गेले की झोपायचे. बोलाय लावलं तर 'बरा हाय', एवढंच."

आणि मग गेल्या वर्षी तो सिनेमा धुऊन-पुसून परत थिएटरात लागला. हल्ली जुने सिनेमे असे लावतात. जावई तडक सांगवीला माझ्याकडे आले. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "आई, आमच्या आईला थांबवा. तुमचं ऐकेल ती."

मी माझ्या परीने सगळं केलं. विहीणबाईंना म्हटलं, शुक्रवारी आळंदीला जाऊ, किती दिवस झाले. त्या म्हणाल्या, "देव कुठं जात न्हाई." म्हटलं, माझा गुडघा फार दुखतोय. "मंग तुमी नगा येऊ." म्हटलं, बघितलेला सिनेमा पुन्हा काय बघायचा, तुम्हीच तर म्हणता, पास झालेला माल परत टेबलावर घेत नाहीत. तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात धरला. मला वाटलं, जिंकले. पण त्या हळूच म्हणाल्या, "इहीणबाई, जन्मात येकच माल मी दुसऱ्याच्या शब्दावर पास केलाय. डोळं शाबूत हायेत तवर बघून घेते."

गेले त्यांच्याबरोबर, चिंचवडच्या मॉलमध्ये. दुपारचा खेळ, तुरळक माणसं. सिनेमा पुढे सरकत होता. नदीचं पाणी चढायला लागलं तसा विहीणबाईंनी स्वतःचाच उजवा कोपर चाचपला. "हितं उठलो आमी," म्हणाल्या. सिनेमा चालू असताना त्यांचं बोलणं मी ऐकलं ते तेवढंच.

मग पूर आला. सकाळ झाली. रिकामी होडी आली. त्या मुलीने दोर धरला. नावं वर सरकू लागली. मी पडद्याकडे बघत राहिले, शेजारी बघायची हिंमत नव्हती. शेवटचं नाव गेलं, दिवे लागले, झाडणारा दारात थांबला.

"पूल कुठं हाय?" विहीणबाई म्हणाल्या.

मी पिशवी मांडीवर घेतली.

"तुमाला ठावं होतं?"

"हो."

"बाकावरच्या समद्यांना?"

"हो."

"माझ्या लेकाला?"

मी मानेनेच हो म्हटलं. मला वाटलं, आता ही बाई माझ्याशी कायमचं बोलणं सोडणार आणि माझ्या मुलीच्या संसारात त्याचे चटके बसणार. पण त्या पांढऱ्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "तवा आमचं पहिलं बाळ गेलं होतं. मी जेवत न्हवते, बोलत न्हवते. म्हनून तर पिक्चरला नेलं यांनी. घरी आल्यावर रोज इचारायची, कळलं का हो शेवटाचं? तर म्हनायचे, उद्या इचारतो. लई दिस गेले. मंग एकदा ताटावर बसले आन् सांगितलं. पूल झाला, पर्मनंट झाला. मी त्या दिवशी पोटभर जेवले." मग म्हणाल्या, "हे सोता तवा टेंपररी होते. रोज वाटायचं, उद्या काढत्यात का काय."

दाराशी झाडू टेकवून तो माणूस खाली बसला. घाई कर म्हणाला नाही.

"आन् मी जन्मभर म्हनत आले, या मानसाला पिक्चरमधलं काय कळत न्हाई," विहीणबाई म्हणाल्या. पदराने चष्मा पुसला, परत घातला. आणि मी नको तेच बोलले. "मग निकाल काय? ओके की रिवर्क?"

"ओके. होडी रिकामी येनारच. पुराचं पानी तसंच असतं. वरखडा न्हाई कुठं."

"आणि त्यांनी सांगितलेला शेवट?"

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "त्यो टेबलावर घ्यायचा न्हाई," म्हणाल्या.

पुढच्या शुक्रवारी मी धाकधुकीनेच बाकावर गेले. चाकणला बदली झालेल्या कुणाची तरी बायको सोसायटीत नवी राहायला आली होती. तिने तो होडीवाल्याचा सिनेमा बघितला नव्हता. म्हणाली, "काकू, सांगा ना शेवट काय आहे, मला वेळ नाही होणार जायला." सगळ्या बायका एकदम आपापल्या चपला न्याहाळायला लागल्या. विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "पूर वसरतो. नदीवर पूल व्हतो. त्यो कामावर लागतो, पर्मनंट व्हतो."

मग आमच्या मुख्याध्यापिकाबाई, ज्यांनी जन्मात चुकीच्या उत्तराला अर्धा गुण दिला नाही त्या, घसा खाकरून म्हणाल्या, "सायकलवरून जायचा ना हो तो कामाला?"

विहीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"व्हय," म्हणाल्या. "सायकलीनंच. हँडलला डबा आडकवून."