काकूंकडे गेलेला आवाज

मला जन्मापासून दिसत नाही. माझा लॅपटॉप पडद्यावरचं सगळं मला वाचून दाखवतो. तसं विकतचं सॉफ्टवेअर आमच्या ऐपतीबाहेरचं होतं, म्हणून हॉस्टेलातल्या मित्राने विंडोज काढून फुकटचं लिनक्स टाकून दिलं. त्यात वाचणारा आवाज आयताच येतो. कोरडा, नाकातून बोलणारा आवाज, पण मला त्याच्याशिवाय करमत नाही. आईला मात्र तो खपत नाही. "सगळ्यांसारखं घ्यायचं सोडून तुझं भलतंच," हे तिचं पालुपद.

त्या दिवशी इंदूरकडच्या एका शाळेची ऑनलाइन मुलाखत होती, इतिहासाच्या शिक्षकाच्या जागेसाठी. दिसत नाही म्हटल्यावर दोन शाळांनी आधीच वाटेला लावलं होतं. म्हणून या वेळी अर्जातच ठणकावून लिहिलं होतं, की कॉम्प्युटर, हजेरी, पेपर तपासणं सगळं एकटा करतो, कोणाची मदत लागत नाही.

लिंक उघडली. "नमस्ते सर" एवढं ऐकू आलं आणि आवाज तुटला. वाचणारा आवाजही गप्प झाला. घरात फक्त पंख्याची घरघर.

"एक मिनट सर, इधर आवाज़ नहीं आ रही," मी म्हणालो. त्यांना ऐकू गेलं की नाही, देव जाणे. वाचणारा आवाज चालू करायची बटणं दाबली. काही नाही. लॅपटॉपचा आवाज नव्याने चालू करायची आज्ञा तोंडपाठ होती, तीही टाइप केली. काहीच नाही. शेवटी माइकचं बटण दाबून तो बंद केला आणि आईला हाक मारली. ही हाक मारायची मला भयंकर लाज वाटली.

"पडद्यावर काय दिसतं?"

"चांगलं तं आहे सगळं. तीन माणसं आहेत."

"बोलताहेत का?"

"ओठ हलून राहिले. तुझ्याकडे नाही पाहत, आपसातच बोलून राहिले. तो चष्मेवाला हसला."

"कशाला हसला?"

"मला काय माहीत, बाबा!"

मी तिच्यावरच खेकसलो. तिने नेहमीचं पालुपद लावलं नाही, ते जास्त लागलं.

तेवढ्यात दार धडाधडा वाजलं. शेजारच्या काकू. आमच्या लोधीपुरा मोहल्ल्यात घरं खेटून, त्यांची आमची भिंत एकच. "अरे भाऊ, तुझं मशीन आमच्या घरी बोलून राहिलं! भजनाच्या बाया घाबरल्या ना!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आईने सकाळी भजनासाठी माझा ब्लूटूथ स्पीकर त्यांना दिला होता. तो मी कधीतरी लॅपटॉपला जोडला होता. काकूंनी तो चालू करताच त्याने जुनी ओळख काढली आणि माझा सगळा आवाज भिंतीपलीकडे नेला.

"बंद करा काकू, लवकर!"

काकू हलेनात. "त्याच्यातून माणसं बोलत होती, भाऊ. म्हणे, अंधे को कौन सँभालेगा, बच्चे सिर पर चढ़ जाएँगे. दो-चार सवाल पूछो और निपटा दो." मग हळूच म्हणाल्या, "तुझ्याबद्दल तं नाही ना?"

"आधी तो स्पीकर बंद करा," मी म्हणालो. त्या धावत गेल्या, आणि थोड्या वेळात माझा तो नाकातला आवाज लॅपटॉपमध्ये परतला.

मी माइक चालू केला. त्यांनी एखादा धडा शिकवून दाखवायला सांगितलं. आमच्या बुऱ्हानपुरात जुन्या काळी जमिनीखालून पाणी कसं आणलं, हा धडा मी शिकवला. सुरुवातीला रागाने आवाज कापत होता. नंतर धडाच मला पुढे घेऊन गेला. शेवटी एका जड आवाजाने विचारलं, "आपने लिखा है, किसी की मदद नहीं लगती. सच में?"

"लगती है, सर," मी म्हणालो. "आज ही लगी. मेरा स्पीकर पड़ोस में चल रहा था. आप आपस में जो बोल रहे थे, वो पड़ोस की काकी ने सुना. मुझे उन्हीं ने बताया."

पलीकडून काहीच येईना. पुन्हा आवाज गेला की काय, असं वाटलं. माइक बंद करून मी आईला विचारलं, "आहेत का ते?"

"आहेत," आई म्हणाली. "तिघंही खाली पाहून राहिले."