चौदा काठ्या

मान मागे टाकायची, उजव्या हाताचा तळवा भुवयांवर आडवा धरायचा आणि ओठांतल्या ओठांत पुटपुटत नजर डावीकडून उजवीकडे सावकाश न्यायची. पुटपुटणं थांबलं की मान खाली, तळवा पँटला पुसायचा आणि म्हणायचं, "चौदा. ओके लाह."

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये आम्ही राहायचो त्या ब्लॉकच्या तळमजल्यावर एक छोटी पोलीस चौकी होती. तिचे सार्जंट रोज सकाळी साडेसातला चौकीच्या पायरीवर उभे राहून हे करायचे. मला पहिले काही महिने वाटलं, मानेचा व्यायाम असेल. असा रोज एकच गोष्ट करणारा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. त्याला कारण विचारायचं आपल्याला सुचत नाही, कारण तो तिथे खांबासारखा असतोच.

मला सुचलं ते मोजण्याची सवय म्हणून. मी मरीन इंजिनिअर. पंधरा वर्षं बोटीवर काढून सेंबावांगच्या एका शिपयार्डात नोकरीला लागलो होतो. इंजिनरूममध्ये गेजचे आकडे वहीत लिहिण्यात ज्याचं तरुणपण गेलं, त्याला दुसरा कोणी मोजताना दिसला की राहवत नाही. एकदा मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि विचारलं, "काय चौदा?"

"काठ्या," ते म्हणाले आणि समोरच्या ब्लॉककडे बोट केलं.

तिथे स्वयंपाकघराच्या खिडक्यांखाली कपडे वाळत घालायच्या बांबूच्या काठ्या बाहेर काढलेल्या असतात. बारा मजले, मजल्याला दहा खिडक्या. त्या एकशेवीस खिडक्यांमध्ये एकटी राहणारी चौदा म्हातारी माणसं होती. सार्जंटांनी प्रत्येकाच्या घरी जाऊन ठरवून घेतलं होतं. रोज साडेसातच्या आत काठीवर काहीतरी घालायचं. धुणं नसलं तर एक फडकं. पाऊस असला तर काठी आत आणि स्वयंपाकघरातला दिवा चालू. ज्याची काठी दिसणार नाही, त्याच्याकडे सार्जंट वर जाणार.

"हे तुमच्या ड्यूटीत आहे?" मी विचारलं.

"ड्यूटी कागदावर असते," ते म्हणाले. "आधी वर बघायचं, मग कागद."

हे त्यांचं आवडतं वाक्य. ते बोलायचे इंग्रजीत. मी मराठीत लिहितो आहे, इथे सगळेच वाक्याच्या शेवटी लावतात तो 'लाह' तेवढा तसाच ठेवला आहे. जातीने मलय, वय चोपन्न, अंगाने रुंद, मिशी मात्र पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक. बायको वारलेली, एक मुलगी लग्न होऊन पुलापलीकडे मलेशियात, जोहोरला. ते स्वतः बुकित बातोकला एकटे राहायचे. मला 'मिस्टर इंजिनिअर' म्हणायचे, माझ्या बायकोला 'मॅडम' आणि माझ्या मुलीला 'बॉस'.

नवव्या मजल्यावर एक चिनी आजी होती. तिच्या काठीवर गुलाबी टॉवेल, त्यावर बदकं. महिन्यातून एकदा तरी तिचा टॉवेल बाहेर यायचा नाही. सार्जंट टोपी घालून नऊ मजले वर जायचे. तिथे आजी दार उघडून, चहा तयार ठेवून बसलेली असायची. वीस मिनिटांनी ते घाम पुसत खाली यायचे.

"ती मुद्दाम करते," मी एकदा म्हणालो. "पुढच्या वेळी जाऊ नका. आपोआप बंद होईल."

"मुद्दाम करते, मला माहीत आहे लाह. पण मुद्दाम कुठलं आणि खरं कुठलं, ते वर गेल्यावरच कळतं."

मग चौक्या बंद होणार अशी बातमी आली. म्हणजे पोलीस जाणार नव्हते. आसपासच्या चार-पाच छोट्या चौक्या मिळून एक मोठं केंद्र होणार होतं, मुख्य रस्त्यालगत, गाड्या, संगणक आणि चोवीस तास माणसं असलेलं. आमच्या चौकीचं काम तिकडे सोपवलं जाणार होतं आणि सार्जंट त्याच सुमारास पंचावन्न पूर्ण करून निवृत्त होणार होते.

रहिवाशांची सभा झाली. मी आदल्या दिवशी दोन्ही वाटा पायी चालून वेळ घेतली होती. चौकी दीड मिनिटावर, नवं केंद्र अठरा मिनिटांवर. पण गाडीने चार. शिवाय चौकीत एका वेळी दोन माणसं. एक वर गेला की टेबलाशी एकच. मी उभा राहून हे सगळं सांगितलं आणि नवी व्यवस्था चांगली आहे, असं मत दिलं. लोकांनी माना डोलावल्या. सार्जंट मागच्या रांगेत बसले होते. सभा संपल्यावर त्यांनी माझा कागद मागून घेतला, चष्मा लावून पूर्ण वाचला आणि परत दिला.

"आकडे बरोबर आहेत," ते म्हणाले.

एवढंच. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात नव्या केंद्राचा एक तरुण इन्स्पेक्टर ताबा घ्यायला आला. मी तेव्हा चौकीत मुलीच्या हरवलेल्या बसपासबद्दल विचारायला गेलो होतो. फाइली, किल्ल्या, दोन सायकली, एक पंखा, सगळं यादीप्रमाणे झालं. सार्जंटांनी शेवटी एक कागद पुढे सरकवला. चौदा घरांचे नंबर आणि प्रत्येकापुढे काठीवर काय असतं ते.

इन्स्पेक्टरने तो नीट वाचला. उर्मट नव्हता. म्हणाला, "सार्जंट, कल्पना फार चांगली आहे. पण हे कुठल्या कॉलममध्ये घालू? आता कोणाला गरज लागली तर फोन करायचा. चार मिनिटांत गाडी."

"पडलेला माणूस फोनपर्यंत जाईल कसा?"

"आमची गाडी रोज फेरी मारेल."

"गाडीला छप्पर असतं, सर," सार्जंट म्हणाले. "वर दिसत नाही."

इन्स्पेक्टर हसला, पण लगेच गंभीर झाला. त्याने कागद फाइलमध्ये ठेवला नाही आणि परतही दिला नाही. टेबलावरच राहू दिला. तो गेल्यावर सार्जंटांनी तो उचलून घडी केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"मिस्टर इंजिनिअर, तुम्ही साडेसातला निघता ना? दोन मिनिटं आधी निघाल का?"

मी नाही म्हणणार होतो. कारणंही तयार होती. मी परदेशी माणूस, नोकरीच्या पासवर इथे राहणारा. उद्या काही झालं तर जबाबदार कोण? मी 'बघतो' म्हटलं आणि घरी येऊन बायकोला ही सगळी कारणं सांगितली.

तिने पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं. "अहो, सभेत उभं राहून भाषण कोणी केलं?"

"ते भाषण नव्हतं. आकडे होते."

"मग आता मोजायला काय झालं?"

मुलगी टेबलाशी गृहपाठ करत होती. तिने वर न बघताच म्हटलं, "पप्पा सो केपो लाह, ही वुइल डू इट." केपो म्हणजे नसत्या चौकशा करणारा. आमच्या घरात हा शब्द माझ्यासाठीच राखून ठेवलेला होता.

चौकी बंद व्हायला तीन आठवडे होते. मी रोज सात अठ्ठावीसला सार्जंटांशेजारी उभा राहू लागलो. दोन दिवसांत मला चौदाही घरं पाठ झाली. तिसऱ्या दिवसापासून मी त्यांच्या आधी मोजून मोकळा व्हायचो. "चौदा," मी म्हणायचो. ते अजून चौथ्या मजल्यावर असायचे. मला त्यांच्या संथपणाची थोडी कीवच येऊ लागली होती.

दुसऱ्या आठवड्यातला गुरुवार. मी मोजलं, "चौदा," म्हटलं आणि बॅग उचलली.

सार्जंटांची मान खाली आली नव्हती. "चौदा बरोबर," ते म्हणाले. "पण सहाव्या मजल्याची लुंगी कालची आहे."

सहाव्या मजल्यावर एक तमिळ म्हातारे राहायचे, बंदरात हमाली केलेले. त्यांच्याकडे दोनच लुंग्या होत्या, एक निळ्या चौकड्यांची आणि एक हिरव्या. एक अंगावर, एक काठीवर. आज निळी तर उद्या हिरवी. त्या दिवशी निळीच होती. आदल्या सकाळीही निळीच होती आणि ती संध्याकाळी आत गेलीच नव्हती. माझ्या मोजणीत काठी होती, काठीवर कापड होतं, बेरीज चौदा.

आम्ही लिफ्टने वर गेलो. दार वाजवलं, उत्तर नाही. सार्जंट गुडघ्यावर बसले, दाराखालच्या फटीला तोंड लावून त्यांनी म्हाताऱ्यांना तमिळमध्ये हाक मारली आणि मग तिथेच कान लावला. "आहेत," ते म्हणाले. त्यांनी दोन धक्क्यांत दार उघडलं. म्हातारे न्हाणीघरात पडले होते. आदल्या दुपारपासून. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण शुद्धीवर होते. सार्जंटांना बघून ते म्हणाले, "आज उशीर केलास."

ॲम्ब्युलन्स आल्यावर मी खाली येऊन पायरीवर बसलो. त्या दिवशी यार्डात गेलो नाही. मला राहून राहून एक गोष्ट टोचत होती आणि ती कोणाला सांगायला लाज वाटत होती. इंजिनरूममध्ये नव्या पोराला आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो: गेजचा काटा तासन् तास एकाच आकड्यावर दिसला तर खूश होऊ नकोस, गेजवर टिचकी मार, काटा अडकला असेल. पंधरा वर्षं मी हे लोकांना शिकवलं होतं.

मी तसं सार्जंटांना सांगितलं. ते माझ्याशेजारी बसले. गुडघ्यांवर दारापुढची धूळ लागली होती, ती झटकली नाही.

"आता तुम्ही शिकलात," ते म्हणाले. "आता मी जाऊ शकतो लाह."

चौकी बंद झाली. शटरवर नव्या केंद्राचा पत्ता आणि फोन नंबर लागला. केंद्र चांगलं निघालं, हे सांगितलंच पाहिजे. बायकोची पर्स चोरीला गेली तेव्हा गाडी खरोखर चार मिनिटांत आली. काठ्या मी सकाळी मोजायचो आणि बायको संध्याकाळी, कापडं आत गेली का ते पाहायला. तिला टॉवेल नि त्यावरची बदकं माझ्यापेक्षा लवकर ओळखू यायची. नवव्या मजल्यावरची आजी पहिल्याच महिन्यात टॉवेल घालायला 'विसरली'. मी नऊ मजले वर गेलो. तिने मला नखशिखांत पाहिलं, सार्जंट नाहीत म्हणून तोंड वाकडं केलं आणि चहा दिला.

सेंबावांगला जाताना माझी एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, बुकित बातोकवरून जायची. तिथे रूळ उंचावर आहेत, गाडी ब्लॉकच्या चौथ्या-पाचव्या मजल्याच्या उंचीने धावते. बुकित बातोक स्टेशन सुटलं की थोड्याच वेळात डावीकडे सार्जंटांचा ब्लॉक येई. त्यांनीच एकदा सांगितलं होतं, पाचवा मजला, कोपऱ्याची खिडकी. चार सेकंद मिळायचे. मी डाव्या दाराशी उभा राहायचो. काठीवर रोज एक सारोंग, म्हणजे मलय लुंगी असे, आलटून पालटून तीन रंगांची. मी मोजतो हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

एका मंगळवारी तपकिरी सारोंग दिसली. सोमवारचीही तपकिरीच होती.

मी पुढच्या स्टेशनवर उतरलो आणि अकरा मिनिटं उलट दिशेने चालत गेलो. त्यातली शेवटची तीन पळत. पाचव्या मजल्यावर दार उघडंच होतं. सार्जंट बनियनवर बसले होते. टेबलावर दोन कप होते.

"कालचीच सारोंग आहे," मी धापा टाकत म्हणालो.

"हो," ते म्हणाले. "साखर किती?"

मी दोन चमचे म्हणालो आणि खुर्ची ओढून बसलो. त्या वर्षात असं तीनदा झालं. तिन्ही वेळा मी यार्डात उशिरा पोचलो आणि तिन्ही वेळा साहेबाला सांगितलं, गाडीला उशीर झाला. मी कधी खोटं बोलत नाही, म्हणून आकडा देतो आहे.

मग एका शनिवारी त्यांचा फोन आला. रात्री पायऱ्या उतरताना चक्कर आली होती, मुलगी ऐकत नव्हती. ते कायमचे जोहोरला निघाले होते.

"सोमवारपासून काठी दिसणार नाही," ते म्हणाले. "वर येऊ नका."

"नाही येणार."

"समोरचे किती आहेत?"

"तेरा. सहाव्या मजल्यावरचे गेल्या महिन्यात गेले. हॉस्पिटलमध्ये, झोपेत. मुलगा जवळ होता."

"मग तेरा," ते म्हणाले. "ओके लाह."

सोमवारी बुकित बातोक गेलं. कोपऱ्याची खिडकी बंद होती, काठी नव्हती. मला सगळं माहीत होतं. तरी मी पुढच्या स्टेशनवर उतरलो, अकरा मिनिटं चाललो, पाच मजले चढलो आणि दार वाजवलं.

शेजारच्या बाईंनी डोकं बाहेर काढलं. "गेले ते. काल सकाळीच."

"मला माहीत आहे," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी पुन्हा एकदा दार वाजवलं, थोडा थांबलो आणि खाली उतरलो. खाली आल्यावर मान मागे टाकून त्या ब्लॉकच्या सगळ्या काठ्या एकदा पाहून घेतल्या. इथे कोण एकटं राहतं, ते मला ठाऊक नव्हतं.