रुपयाला किती दिनार

बसा. चहा यायच्या आत सांगून टाकतो. नाहीतर तुमच्या तोंडातला घोट माझ्या धोतरावर उडेल. एकदा उडालेला आहे.

माझ्या फजितीचा हा किस्सा जामखेडात चार जण चार तऱ्हांनी सांगतात. एक जण तर मी कुवेतला जाऊन हात हलवत परत आलो असं सांगतो. मी नगरच्या पलीकडं फारसा गेलेलो नाही. म्हणून माझ्या तोंडून ऐका. पुन्हा सांगणार नाही. दमलो आता.

माझं शिक्षण चौथी. पण पन्नास वर्षं जनावरांच्या बाजारात दलाली केली. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभं राहायचं, हातावर उपरणं टाकायचं आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरवायचा. तोंडानं आकडा काढायचा नाही. तीन बोटं दाबली की तीन. आता तीनशे, तीन हजार की तीस हजार, हे बोटं सांगत नाहीत. ते जनावराकडं बघून ओळखायचं. शेळी पुढं असेल तर वेगळे तीन, खिलार बैल पुढं असेल तर वेगळे. पन्नास वर्षांत माझा आकडा चुकला नाही. ही गोष्ट मी रोज कुणाला तरी ऐकवायचो. आता बंद केलं आहे.

माझी नात वैशाली. नगरला, सावेडीत एका दवाखान्यात नर्स आहे. तिचा बाप एसटीत ड्रायव्हर, तो घरी कमी आणि स्टँडवर जास्त. सून माझ्यासमोर बोलत नाही. त्यामुळं घरातले निर्णय मी घेतो. मी बोलत असताना मध्ये कुणी बोलायचं नाही, ही माझी शिस्त. आणि मी बराच वेळ बोलत असतो.

वैशालीला दोन स्थळं आली. पहिलं कोपरगावचं. मुलगा तिच्याच कॉलेजातून शिकलेला, आता कुवेतच्या मोठ्या दवाखान्यात नर्स. तिला तो पसंत होता. तिनंच त्याच्या घरच्यांना आमच्याकडं पाठवलं होतं. हे माझ्या मुलाला माहीत होतं, सुनेला माहीत होतं, शेजारच्या बाईलाही माहीत होतं. मला नव्हतं. मला सांगायची सोयच नव्हती ना.

तर मुलाचे वडील आले. त्यांना तात्या म्हणतात. साखर कारखान्यात फिटर होते, आता घरी असतात. वयानं माझ्याहून लहान, पण माझ्यासारखेच कमी बोलणारे. पांढरे कपडे, हातात पेरूंची पिशवी. सुनेनं पोहे दिले. मी थेट पगार विचारला.

"साडेपाचशे," तात्या म्हणाले. जरा ताठ बसून म्हणाले. "दिनार. म्हैन्याला."

मला हसू आलं. मी वर्षातून दोनदा हसतो. त्या दिवशी दोन्ही खर्च झाले.

तुम्ही म्हणाल, का हसलात? हिशोब ऐका. डॉलर मला पाठ आहे. रोज बातम्यांत सांगतात, रुपया घसरला, रुपया घसरला. डॉलर नव्वदच्या आसपास. अमेरिका हा जगातला सगळ्यात मोठा बैल, म्हणून त्याचा पैसा मोठा. कुवेत केवढा? वैशालीच मागं कधीतरी म्हणाली होती, आपल्या नगर जिल्ह्याएवढा. सकाळी जेवून एसटीत बसलं तर संध्याकाळच्या जेवणाला देश संपतो. एवढ्याशा देशाचा पैसा केवढा असणार? मी वीस रुपये धरले. पाहुणे घरात होते म्हणून वीस, नाहीतर दहाच धरले असते. साडेपाचशे गुणिले वीस, अकरा हजार. अकरा हजारासाठी पोरगं समुद्र ओलांडून वाळवंटात बसलंय!

मी म्हणालो, "तात्या, आमच्याकडं कांदा काढायला बाई दिवसाला चारशे घेती. वर दोन टायमाला च्या."

तात्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"पोराला माघारी बोलवा," मी म्हणालो. "तुमच्या कारखान्यावर माझ्या वळखीचा एक मानूस हाय. वाचमनची जागा बघतो. निदान घरचं जेवन तरी मिळंल."

आत स्वयंपाकघरात भांडं पडलं. मला वाटलं मांजर असेल. मांजर नव्हतं, सून होती, आणि भांडं पडलं नव्हतं, आपटलं होतं.

"आबा," तात्या शांतपणे म्हणाले, "दिनाराचा भाव काढला का कुठं?"

"मला भाव काढावा लागत न्हाई. दिसतो."

तात्यांनी टोपी सारखी केली. पोह्यांचा दुसरा घास घेतला नाही. दारात थांबून म्हणाले, "वाचमनची जागा निघाली तर कळवा." मला वाटलं, गडी नरम आला. बघा, किती बारीक नजर माझी.

सुट्टीच्या दिवशी वैशाली घरी आली. डोळे सुजलेले होते. मी जागरण धरलं. तिनं माझ्यापुढं वर्तमानपत्र ठेवलं. एका कोपऱ्यात सगळ्या देशांच्या पैशांची यादी होती आणि कुवेतच्या दिनारावर पेन्सिलीनं गोल केलेला. मी चष्मा लावला. आकडा होता दोनशे पंच्याऐंशी.

आता तुम्हीच सांगा, भाव कसा वाचतात? माझी आई बाजारात मेथी विकायची. रुपयाला चार जुड्या. बाजारात माल जास्त आला की रुपयाला दहा. आकडा वाढला की माल कवडीमोल. लहानपणापासून हेच शिकलो. तशीच ती यादी वाचली. रुपयाला दोनशे पंच्याऐंशी दिनार!

म्हणजे साडेपाचशे दिनारांचे झाले दोन रुपये. पुरते दोनसुद्धा नाहीत. महिनाभर लोकांना सुया टोचायच्या आणि दोन रुपये घ्यायचे. मला तात्यांची दया आली. एवढ्या लांबून पेरू घेऊन आले होते.

"बरं झालं दाखवलंस," मी वैशालीला म्हणालो. "मी उगंच वीस धरत होतो."

तिनं तोंड उघडलं. मी हात वर केला. तिनं मिटलं.

तुम्ही विचाराल, त्याच यादीत डॉलरची ओळ नव्हती का? ती वाचली असती तरी उलगडा झाला असता. होती. पहिलीच होती. पण डॉलर मला पाठ. पाठ असलेलं कोण वाचतं?

दुसरं स्थळ सावेडीचं. वडील सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले साहेब, स्वतःचा फ्लॅट, मुलगा व्हिएतनामला बुटांच्या कारखान्यात सुपरवायझर. मी पगार विचारला. साहेब म्हणाले, दोन कोटी डोंग. मी पुन्हा विचारलं. पुन्हा दोन कोटी. मग ते म्हणाले, "आकडा मोठा वाटतो आबा, पण..." मी हात वर केला. त्या 'पण'च्या पुढं काय होतं, ते मला फार नंतर कळलं.

त्यांच्यासमोर मी घाई केली नाही. दलाल माणूस मी. ते गेल्यावर यादी काढली. तळाला डोंग होता. शून्य, टिंब, शून्य, शून्य आणि मग काहीतरी बारीक. म्हणजे रुपयाला डोंग येतच नाही! एवढी महाग चीज. शिवाय बाजारातल्या एका जुन्या सोबत्यानं सांगितलं की या व्हिएतनामनं लढाईत अमेरिकेला पळवून लावलं होतं. आता डॉलरच्या मालकाला ज्यानं पळवलं, त्याचा पैसा हलका कसा असेल? तरी सावधगिरी म्हणून मी डोंग आठ आण्याला धरला. महिन्याला एक कोटी.

मी होकार कळवला. वैशाली ड्युटीवर सावेडीला निघून गेली. जाताना पाया पडली, बोलली नाही. मी म्हणालो, पोरगी लाजली.

मग मी केस-दाढी करायला गेलो आणि बोललो. एवढंच बोललो की नातजावयाला दोन कोटी पगार आहे. अर्धी दाढी होईपर्यंत ते बाजारपेठेत पोचलं होतं. हॉटेलवाला चहाचे पैसे घेईना. तीन पोरं व्हिएतनामला नोकरी लावा म्हणून मार्कशिटा घेऊन आली. मी त्या ठेवून घेतल्या. धोतराला इस्त्री सुरू केली. तालमीची पोरं छपराच्या पत्र्यांसाठी वर्गणी मागायला आली. मी म्हणालो, लिहा दोन लाख. त्यांनी कागदावर नाही, तालमीच्या भिंतीवरच लिहिलं. ऑइलपेंटनं. माझं नाव, पुढं दोन लाख.

पोरं कामाची निघाली. पैसे माझ्याकडं मागायला त्यांना संकोच वाटला, म्हणून दोन मोटारसायकलींवर बसून परस्पर सावेडीला गेली. मग साहेबांचा फोन आला.

"आबा, दारात पाच जण पावतीपुस्तक घेऊन उभे आहेत. दोन लाख मागताहेत."

"द्या की," मी म्हणालो. "तुमच्या पोराचा एका दिवसाचा पगार न्हाई तो."

फोनमधून दार लावल्याचा आवाज आला.

"आबा," मग साहेब सावकाश म्हणाले, "तिकडं कॉफीचा एक कप तीस हजाराला मिळतो."

मी खाली बसलो. माझा शेवटचा खोंड तीस हजाराला गेला होता. आठवडाभर मी त्याच्यासाठी जेवलो नव्हतो. तिकडं तेवढ्यात कॉफी येते.

साहेबांनी सगळं समजावलं. त्यांच्या पोराचे दोन कोटी म्हणजे आपले सत्तर हजारांच्या आत. आपला एक रुपया दिला की तीनशेच्या जवळ डोंग मिळतात. हेच ते त्या 'पण'च्या पुढं सांगणार होते. पगार वाईट नाही, मुलगाही चांगला. पण ज्या घरात बोलणी पुरी व्हायच्या आत आकडा गावभर होतो, तिथं सोयरीक नको, असं ते म्हणाले. फार सभ्यपणे म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी वैशालीला बोलावून घेतलं. समोर बसवलं. आणि जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "बोल."

"आबा," ती म्हणाली, "रुपयाला दिनार न्हाई. दिनाराला रुपये."

"किती?"

"तेच. दोनशे पंच्याऐंशी."

तोंडी गुणाकारात मला कुणी हरवत नाही. त्या दिवशी वेळ लागला. दीड लाखाच्या वर जात होतं. पुन्हा केला. पुन्हा गेलं. या मुलाला मी वाचमन करायला निघालो होतो.

"पगाराचं सोडा आबा," वैशाली म्हणाली. "तो दहा दिनार मिळवत आसता तरी मी हो म्हनले आसते. आता त्याचा फोनच येत न्हाई. बापाचा अपमान झाला म्हनतो."

सून दारात उभी होती. तीही बोलली. लग्न होऊन आल्यापासूनचं सगळं बोलली. मी हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवशी जामखेडहून नगर आणि नगरहून कोपरगाव अशी एसटी धरली. कंबर मोडली. तात्या ओट्यावर बसले होते. मला बघून उठले नाहीत, पण 'बसा' म्हणाले. माफी मागायची सवय नाही मला. शेवटी खांद्यावरचं उपरणं काढलं, हातावर टाकलं आणि हात पुढं केला. तात्यांनीही कधीकाळी बैल विकलेले. त्यांनी उपरण्याखाली हात घातला. मी त्यांचा अख्खा पंजा धरला आणि सोडला नाही.

तात्यांनी थोडा वेळ अंदाज घेतला.

"हे पाच झालं आबा," ते म्हणाले. "काय धरू? रुपये का दिनार?"

मी म्हणालो, "चुकलो."

तात्यांनी आत चहा सांगितला. मग मोबाईल काढून मुलाला लावला आणि म्हणाले, आबा आलेत, आता रुसवा पुरे, पोरीला फोन कर. एवढंच. चहा आला. मी पहिला घोट घेतला तेव्हा ते म्हणाले, "आता तुमचं."

"माझं काय?"

"वाचमनची जागा निघाली हाय कारखान्यावर. तुमच्यासाठी इचारून बघितलं. न्हाई म्हनले. गेटवर गाड्यांचे आकडे वाचावे लागतात."

मघाशी म्हणालो ना, घोट एकदा धोतरावर उडालेला आहे? तो तेव्हाचा. इस्त्रीचं धोतर होतं.

लग्न ठरलं. वैशाली आता हसते, माझ्यासमोर बोलतेसुद्धा. घरात सगळेच बोलतात. फार आवाज असतो.

तालमीवरचं माझं नाव पुसायला मी सांगितलं. पोरं म्हणाली, ऑइलपेंट पुसत नाही आबा, पण दुरुस्ती करतो. परवा जाऊन बघितलं. माझं नाव तसंच, दोन लाख तसेच. फक्त पुढं नव्या लाल रंगात एक शब्द वाढवला आहे, डोंग.

मी तिथंच सातशे रुपये काढून दिले. त्याआधी वैशालीला फोन करून भाव विचारला.