विटांचं पावर हाऊस

तापीकाठच्या त्या गावात विहिरींवर पहिली ऑइल इंजिनं आली, तेव्हा ती चालवता येणारा माणूस एकच होता, गिरधर. धुळ्याला मामाकडे राहून तो एका कारखान्यात इंजिनाचं काम शिकला होता. परत आला तो हातात पाना आणि खांद्यावर तेलकट फडकं घेऊनच. प्रकाशा गावापासून सारंगखेड्यापर्यंत कुणाचंही इंजिन रुसलं की एकच वाक्य ऐकू यायचं, "गिरधरभाईले बलाव!" केळीला पाण्याचा ताण बसायच्या आत त्याला न्यायला बैलगाडी दारात उभी राही. गाडीत त्याच्यासाठी गोधडी अंथरलेली असे आणि विहिरीवर पोचल्यावर आधी चहा.

मान मिळाला की माणसाला त्याची चटक लागते. गिरधरला ती जरा जास्तच लागली. आपलं काम दुसऱ्या कुणाला येऊ नये, याची तो डोळ्यांत तेल घालून काळजी घेई. इंजिन खोलताना शेजारी माणसं चालत. पण शेवटचा पेच आवळायची वेळ आली की तो सगळ्यांकडे पाठ करून बसे. शहाद्याला दुसरा मिस्त्री आल्याची बातमी कळली तेव्हा तो दोन दिवस नीट जेवला नव्हता. त्या मिस्त्र्याने बांधलेल्या इंजिनाला नुसता कान लावून "हाई खोकली ऱ्हायनं" असं म्हटल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. इंजिन खोकत असो वा नसो.

त्याची बायको धनुबाई. सातवीपर्यंत शिकलेली, बोलायला कमी, हाताला उरक फार. माहेरी खादीचं वातावरण असल्यामुळे लग्नात भांड्यांबरोबर एक पेटीचरखाही आला होता. दुपारी घरातलं आवरलं की ती सूत काती. तिचं सूत इतकं एकसारखं निघे की विणकर ते वेगळं बांधून ठेवत. गिरधरला याचं काही वाटत नसे. सूत हे बायकांचं काम. त्यात हेवा करण्यासारखं काय?

त्रेसष्ट साली दसऱ्याच्या सुमाराला धनुबाईचा भाऊ चुनीलाल आफ्रिकेहून आला. कंपालाला तो एका नातेवाइकाच्या दुकानात नोकरीला होता. भाचीसाठी, रंजनासाठी, त्याने एक खोका आणला. खोक्यात लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या विटा होत्या, बोटाएवढ्या, वर गोल गुंड्या असलेल्या. एकीवर दुसरी दाबली की टक्कन बसायची आणि ओढल्याशिवाय निघायची नाही. रंजनाने आठवडाभर त्यांची घरं बांधली, मग तिला सागरगोट्यांची आठवण झाली आणि खोका कोनाड्यात गेला.

त्या दिवसांत गावात विजेशिवाय दुसरा विषय नव्हता. शहाद्यापर्यंत तारा आल्या होत्या. उद्या गावात खांब उभे राहतील, विहिरीवर मोटर बसेल, बटण दाबलं की पाणी, असं लोक बोलत. गिरधरला हे बोलणं आवडत नसे. बटण दाबून पाणी येणार असेल तर बैलगाडी कुणाच्या दारात उभी राहणार?

एका संध्याकाळी धनुबाईने भाकरी थापता थापता विचारलं, "अहो, वीज बनस तरी कशी?"

गिरधरला ते माहीत नव्हतं. इंजिनाची नसन् नस त्याला पाठ होती, पण विजेचं त्याला काही शिकवलेलं नव्हतं. तो फटकन म्हणाला, "तुले काय करनं शे? तू चूल पेटाड."

 दुसऱ्या दिवशी धनुबाईने तेच भावाला विचारलं. चुनीलालने रात्रशाळेत थोडंफार विज्ञान वाचलं होतं. त्याने कोळशाने ओट्यावर चित्र काढलं. मधे लोहचुंबक, भोवती तांब्याच्या तारेचे वेढे. लोहचुंबक जोरात फिरला की तारेत वीज येते. "पन तार उघडी नही पाहिजे," तो म्हणाला. "तिले कपडा घालेल पाहिजे, नहीतर वीज आडवी पळी जास." चार दिवसांनी तो सुरतेला आणि तिथून आफ्रिकेला परत गेला. ओट्यावरचं चित्र धनुबाईने शेणाने सारवायचं बरेच दिवस टाळलं.

गिरधरच्या भंगाराच्या पेटीत सायकलचा जळालेला डायनॅमो पडून होता. त्याच्या पोटातला गोल लोहचुंबक तिने काढला. गावातले मोठे शेतकरी दिलवरसिंगबापू, त्यांचा बिघडलेला रेडिओही त्याच पेटीत होता. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरची बारीक तार तिने सुताच्या लडीसारखी अलगद उलगडली. ती तुटू न देणं हे कुणाही मिस्त्र्याच्या हाताला जमलं नसतं, पण धनुबाईने कच्चं सूत आयुष्यभर हाताळलेलं होतं. लाल-पांढऱ्या विटांची तिने चौकोनी पोकळ डबी बांधली. आरपार एक सळई घातली, सळईवर मधोमध लोहचुंबक बसवला आणि डबीवर सळईच्या दोन्ही बाजूंनी तार गुंडाळली. मग चरख्याची सूत पिळणारी चाती काढून तिच्या जागी ही डबी ठेवली. मोठं चाक एकदा फिरलं की दोरीवर सळई भिंगरीसारखी गरगरे.

तारेच्या टोकांना जोडलेला विजेरीचा बल्ब मात्र लागेना. कधी लोहचुंबक विटांना घासे, कधी सळई डगमगे आणि डबीच उडून जाई. तिने डबी किती वेळा मोडली आणि पुन्हा बांधली याला गणती नाही. विटा असल्यामुळे ते जमत होतं. लाकडाची असती तर पहिल्याच चुकीला चुलीत गेली असती.

गिरधरने हे पाहिलं आणि तो पोट धरून हसला. पारावर जाऊन त्याने सगळ्यांना सांगितलं, "आमनी घरवाली पावर हाऊस बांधी ऱ्हायनी! पोरीना खेळनाना इटासनं!" चार दिवस पारावर तीच करमणूक होती. कुणी धनुबाईला वाटेत दिसलं की विचारी, "पावर हाऊस कितलं वर उनं?" ती पदर सावरून पुढे जाई.

एका दुपारी तार हातात फिरवताना तिला चुनीलालचे शब्द आठवले. तारेला कपडा घातलेला पाहिजे. मग टोकांनासुद्धा तो वार्निशचा कपडा आहेच की! कपड्यातून वीज बल्बमध्ये शिरणार कशी? तिने विळीच्या पात्याने दोन्ही टोकं खरवडली. आतून तांबं लखलखून बाहेर आलं.

त्या संध्याकाळी गिरधर एका विहिरीवरून घरी परतला तर दारात ही गर्दी. कुणी आजारी पडलं की काय, म्हणून तो धावत आत शिरला. ओसरीवर धनुबाई चरखा फिरवत होती आणि विटांच्या डबीजवळ बल्ब पेटला होता. पिवळसर, लुकलुकणारा, पण पेटलेला. चरखा मंदावला की मंद होई, वेग घेतला की झळके. शेजारपाजारच्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. घरात तेलाच्या चिमण्या अजून लावायच्या होत्या, पण कुणाला त्याची आठवण नव्हती.

गिरधरकडे कुणी वळून पाहिलं नाही. त्याच्याच घरात, त्याच्याच ओसरीवर.  बायकोचं कौतुक वाटायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. पण वाटत होतं ते वेगळंच. ती डबी लाथेने उडवावी असं वाटत होतं.

तेवढ्यात दिलवरसिंगबापू आले. त्यांची दोन्ही इंजिनं गिरधरच सांभाळी. त्यांनी बल्ब पाहिला, डबी पाहिली आणि गिरधरच्या पाठीवर थाप मारली. "गिरधरभाई, कमाल करी तू! इतला दिन इंजन चालाडं, आते वीज बी बनाडी! माले माहीत व्हतं, हाई तुन्हंच काम शे."

गिरधरने धनुबाईकडे पाहिलं. तिने चरख्यावरचा हात थांबवला होता. बल्ब विझला.

 गिरधर 'हो' म्हणाला नाही आणि 'नाही'ही म्हणाला नाही. नुसता हसला. बापूंना तेवढं पुरलं. जाता जाता ते म्हणाले, "सारंगखेडानी यात्रामा ब्लॉकवालासनं सरकारी प्रदर्शन ऱ्हास. तठे हाई डबी लई चाल. मी साहेबले सांगस."

त्या दिवसापासून गिरधरच्या जिवाला घोर लागला. पारावर आता कुणी थट्टा करत नव्हतं. "गिरधरभाईनी वीज बनाडी" ही बातमी गावाबाहेर गेली. जो तो पाठ थोपटी, आणि प्रत्येक थाप त्याला चटक्यासारखी लागे. कारण ती थाप आपली नाही हे जाणणारं माणूस घरात रोज त्याला वाढत होतं.  धनुबाई भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. भांडणारीवर ओरडता तरी येतं. ती सूत कातत बसली की तिची बोटं बघून त्याचा जळफळाट होई. सात इयत्ता शिकलेली बाई. हिला सुचतं आणि आपल्याला सुचू नये?

यात्रा जवळ आली. तिथे कुणी विचारलं, की तार अशीच का गुंडाळली, तर काय सांगायचं? धनुबाई कापूस वेचायला गेलेली असताना त्याने दार लोटून घेतलं आणि डबी खोलायला घेतली. एकदा बघून घेतलं की झालं. आपण आख्खी इंजिनं खोलून बांधतो. पण तार निघता निघता तिचा गुंता झाला. इंजिनाच्या नटांवर पोसलेली त्याची जाड बोटं विटा ओढायला गेली आणि डबीचे तुकडे तुकडे झाले. गुंता सोडवायला जावं तर तार तुटे. एकदा तुटली, दोनदा तुटली. घामाघूम होऊन तो तसाच बसून राहिला, भोवती लाल-पांढऱ्या विटांचा सडा.

दार उघडलं. धनुबाई कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन उभी होती. तिने सगळं पाहिलं. गाठोडं खाली ठेवलं, पाय धुतले, पाणी प्यायली आणि येऊन त्याच्यासमोर बसली.

"तुम्ही इचारतात तर सांगतीच ना मी," ती म्हणाली. "चोरीसन कसाले उघाडं?"

 गिरधरला एकदम जाणवलं, की आजवर अनेकांनी आपल्याला विचारलं आणि आपण एकालाही सांगितलं नाही.

"आते देखा," म्हणत ती विटा गोळा करू लागली. तार तुटली तिथे खरवडून पीळ कसा द्यायचा, त्या जोडावर मेणकापड कसं बांधायचं, लोहचुंबकाला फिरायला किती जागा ठेवायची, सगळं तिने दाखवलं. त्याच्याकडे पाठ न करता. मधेच म्हणाली, "तुमना हात भारी पडस. इंजन नही शे हाई." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोने त्याला काही शिकवल्याची ही पहिलीच वेळ. शिकताना त्याला कळतही होतं आणि आत सलतही होतं. ती समजावून सांगण्यात आपल्यापेक्षा चांगली आहे, हे आणखी एक नवं दुखणं त्याला लागलं.

यात्रेत घोड्यांच्या बाजाराजवळ प्रदर्शनाचा तंबू होता. गिरधर चरखा फिरवत बसला, धनुबाई मागे रंजनाला घेऊन उभी राहिली. बल्ब पेटला तशी माणसं लोटली. ब्लॉकच्या विकास कचेरीचे साहेब वाकून बघत म्हणाले, "वा! हे कोणी तयार केलं?"

दिलवरसिंगबापू गिरधरकडे बोट दाखवणार, तोच गिरधर घाईघाईने बोलून गेला, "घरमा बनाडेल शे, साहेब."

साहेब "शाबास" म्हणाले आणि पुढच्या तंबूत गेले.

परतताना गाडीत धनुबाई म्हणाली, "घरमा बनाडेल शे. बरं सांगं तुम्ही. घरमा ते मांजर बी ऱ्हास."

गिरधरचे कान तापले. बैलांना त्याने उगाच एक शिवी दिली. पण धनुबाईला खुदकन हसू आलं, ते रंजनालाही लागलं, आणि दोघी मायलेकी तापीचा घाट येईपर्यंत हसत राहिल्या. तो मात्र हसला नाही.

पुढे तीन-चार वर्षांत गावात खांब आले. विहिरींवर मोटरी बसल्या आणि इंजिनं गोठ्यात गंजू लागली. विजेचा दाब कमी-जास्त होई आणि मोटरी जळत. जळालेली मोटर दुरुस्त करायची म्हणजे आतली सगळी तार काढून नवी गुंडाळायची. गिरधर सुरतेला जाऊन ते काम बघून आला. मोटरी उचलणं, खोलणं, बेअरिंग ठोकणं हे त्याच्याकडे, गुंडाळणं धनुबाईकडे. तिची गुंडाळी जळतच नाही असं लोक म्हणू लागले. हळूहळू लोक मोटर घेऊन येत ते तिचं नाव विचारत, आणि प्रत्येक वेळी गिरधरच्या मनात जुनं कुसळ टोचे. माणूस काम बदलतो, स्वभाव एवढ्यात बदलत नाही. तिने बांधलेल्या मोटरीलाही तो कान लावून ऐके. चूक सापडली तर बरं, असं वाटून. सापडत नसे.

एकदा रनाळ्याहून एक अनोळखी शेतकरी बैलगाडीत मोटर घालून आला. गिरधर ओट्यावर बेअरिंग धूत बसला होता.

"धनुबाईनं घर हाईच का?" त्याने विचारलं. "आमना गावले सांगतस, मोटर बांधी ते तीच बांधी."

गिरधरने मान वर केली.  त्याने रॉकेलचे हात फडक्याला पुसले, जरा जास्तच वेळ पुसले.

"हाईच," तो म्हणाला. "मन्ही घरवाली शे. माले बी तिनीच शिकाडं."

मग उठून तो गाडीकडे गेला आणि मोटर उतरवायला त्याने खांदा दिला.