तिसऱ्या तुकडीतली मी

माझे वडील आणि माझा नवरा सहा वर्षं एकमेकांशी इतक्या आदराने वागत आले होते, की त्यांच्यात एकही धड संभाषण झालं नव्हतं. बाबा वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावचे. तिथे जावयाने भाजीत मीठ नाही म्हटलं, तर सासरा 'बरोबर आहे, नाहीच आहे' म्हणणार, मग भाजी खारट का असेना. नवरा पुण्याचा. सासऱ्यांशी काय बोलावं ते त्याला सुचत नसे, म्हणून तो 'प्रवास कसा झाला?' असं विचारायचा. बाबा ओटावाला येऊन तीन आठवडे झाले तरी तो हेच विचारत होता, आणि बाबा दर वेळी 'उत्तम' म्हणत होते.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं. आई नागपूरला दादाकडे होती, वहिनीच्या बाळंतपणासाठी. बाबा एकटेच डिसेंबरात आमच्याकडे कनाटाला, ओटावाच्या उपनगरात, आले. नुकतेच रिटायर झालेले पीटीचे मास्तर. छत्तीस वर्षं मैदानात उभं राहून खो-खो शिकवलेला माणूस आमच्या बेसमेंटमध्ये बसून बाहेरचा बर्फ बघत होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी आमचा ड्राइव्हवे शोव्हल केला, मग शेजाऱ्यांचा केला, मग त्यांच्या शेजाऱ्यांचाही करायला निघाले आणि बर्फावरून सपाटून पडले. काही मोडलं नाही, पण मी फावडं गॅरेजमध्ये लपवलं. तेव्हापासून ते गप्पच झाले.

नवऱ्याचं एमएस अमेरिकेतलं. तिथल्या युनिव्हर्सिटीत त्याने अभ्यासाबरोबर कॉलेज फुटबॉलचं, म्हणजे बॉल हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलचं, खूळही उचललं होतं. कॅनडात आल्यावर नोकरी बदलली, गाड्यांना विंटर टायर लागले, पण खूळ गेलं नाही. डिसेंबरच्या शेवटी हे सामने टीव्हीवर रोज असतात. हंगाम संपला की निवडक संघांना आमंत्रण देऊन एकेक मोठा सामना भरवतात, त्याला बोल म्हणतात. देशभरातले संघ विभागवार गटांत वाटलेले; त्या गटाला कॉन्फरन्स म्हणायचं. वेगवेगळ्या गटांतले तगडे संघ हंगामात एकमेकांशी फारसे खेळतच नाहीत. त्यामुळे कोणाचा गट भारी यावर सगळे वर्षभर भांडू शकतात, आणि माझ्या नवऱ्याला तर हेच भांडण सामन्यापेक्षाही प्यारं होतं.

एके दुपारी बाबा निव्वळ सौजन्य म्हणून त्याच्याशेजारी सोफ्यावर जाऊन बसले. अर्धा तास दोघंही हूं की चूं नाही. मी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होते. आणि एकदम बाबा ओरडले, "हा माणूस काय करून राहिला?"

टीव्हीवर एक प्रशिक्षक हात हलवून बॉल लाथाडून लांब घालवायला सांगत होता.

"चार संधीत दहा यार्ड जायचं, एवढंच ना?" बाबांनी विचारलं. म्हणजे अर्ध्या तासात त्यांनी खेळ समजून घेतला होता. "तीन संधी झाल्या, एक हात जागा उरली. सामना संपत आला. मग बॉल समोरच्याले काहून देऊन राहिला हा?"

नवरा त्यांच्याकडे बघतच राहिला. "एक्झॅक्टली, बाबा! मी दहा वर्षं हेच ओरडतोय!"

त्या दिवसापासून बेसमेंटचं माहेरघर झालं. माझं नव्हे, त्या दोघांचं. बाबांनी वाटीभर खारे शेंगदाणे मागवले आणि कार्पेटवर मांडून, कुठला गडी कुठे उभा राहायला हवा होता हे जावयाला दाखवू लागले. डाव समजावून झाला की दोघं मिळून दोन्ही संघ खाऊन टाकत. ग्रोसरीला गेले की मी आता शेंगदाण्यांची मोठी पिशवीच आणायची. आमची पाच वर्षांची लेक शाळेच्या सुट्टीत घरीच होती. तीही पोटावर झोपून या मांडणीत सामील व्हायची. दोन बायकांचं घर असावं तसा तिथून सारखा बोलण्याचा आवाज येई. मला फार बरं वाटायचं.

आणि मग त्यांचं भांडण झालं. सहा वर्षांतलं पहिलं.

डोंगराळ भागातल्या एका छोट्या संघाने त्या हंगामातला एकूण एक सामना जिंकला होता. तरी जाणकार म्हणत, यांचा गटच लिंबूटिंबू, त्यात जिंकण्यात काय मोठेपणा? नवऱ्याचंही तेच मत. त्याची युनिव्हर्सिटी बड्या गटातली.

"बाबा, त्यांचं शेड्यूल तर बघा. सगळ्या सॉफ्ट टीम्स. आमच्या कॉन्फरन्समध्ये दर वीकेंडला लढाई असते."

बाबांचे कान लाल झाले. कान लाल होताना मी वरून जिन्यात उभी राहून पाहिलं, आणि मला लहानपण आठवलं. राज्याची निवड असली की बाबांचे खेळाडू हमखास गळायचे, आणि वर ऐकवलं जायचं, विदर्भात तुम्ही खेळता तरी कोणाशी?

"जो समोर आला त्याच्याशी खेळलो, जावईबापू!" बाबा म्हणाले. "तुम्ही तं आमच्याशी खेळायलेच नाही आले. आम्ही कच्चे हे तुम्हाले घरी बसून कसं समजलं?"

"तसं नाही बाबा, पण पुण्याच्या लीगचा दर्जाच..."

"आले! आले पुण्यावर!"

मी तिथे जिन्यातच बसून पोट धरून हसले. फुटबॉल केव्हाच बाजूला पडला होता. दोघं एकमेकांचं बोलणं तोडत होते, हातवारे करत होते, आणि जेवायला वर आले तेव्हा बाबा जावयाला चक्क म्हणाले, "मीठ बरोबर आहे भाजीत. तुमच्या जिभेत दोष आहे."

पण माझ्या पोटात एक जुना राग होता, तो या सगळ्यात वर आला. मला राग पटकन येतो आणि आला की मुक्कामाला राहतो. हा तर पंचवीस वर्षांचा होता.

मी बाबांच्याच शाळेच्या खो-खो संघात होते. पळण्यात माझ्यासारखी दुसरी मुलगी जिल्ह्यात नव्हती. हे मी म्हणत नाही, सगळे म्हणत. खो-खोत पळणाऱ्यांच्या तीन-तीनच्या तुकड्या असतात. पहिली तुकडी सगळी बाद झाली की दुसरी उतरते, मग तिसरी. मी कायम पहिल्या तुकडीत. जिल्ह्याच्या फायनलला शेवटच्या डावात आम्ही पाच गुणांनी पुढे होतो. सात मिनिटं पळायचं, सहाजणी बाद होऊ द्यायच्या नाहीत, की झालं. आणि ऐनवेळी बाबांनी मला तिसऱ्या तुकडीत टाकलं. पहिल्या तिघी गेल्या, दुसऱ्या तिघी गेल्या. मी धावत मैदानात शिरले आणि दोन पावलांत शेवटची शिट्टी वाजली. एका गुणाने हरलो. मला कोणी शिवलंसुद्धा नव्हतं.

का, असं मी बाबांना त्या संध्याकाळी विचारलं. ते म्हणाले, "हरलो. विषय संपला." लग्न ठरल्यावर धीर करून पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच उत्तर. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं की ऐन क्षणी त्यांचा माझ्यावर भरवसा राहिला नाही. आणि आता तेच बाबा माझ्या बेसमेंटमध्ये बसून अमेरिकेतल्या अनोळखी प्रशिक्षकांना शेवटच्या मिनिटाचे निर्णय शिकवत होते! पोळ्या लाटताना खालून त्यांचा आवाज आला की माझं लाटणं जरा जास्तच जोरात फिरायचं.

एक जानेवारीच्या दुपारी तो छोटा संघ एका बड्या गटाच्या संघाशी खेळणार होता. मी मिसळ केली होती. आम्ही चौघं ताटल्या घेऊन खाली बसलो. बाबांनी मफलरसुद्धा त्या संघाच्या रंगाची घातली होती. छोटा संघ बड्यांना सामनाभर सोडत नव्हता. शेवटी काही सेकंद राहिले असताना छोट्यांनी बॉल गोलरेषेपार नेला आणि फक्त एक गुण मागे राहिले. आता दोन वाटा होत्या. किक मारून एक गुण घ्यायचा, तो बहुतेक मिळतोच, की बरोबरी होऊन जादा वेळ. नाहीतर तीन यार्डांवरून एकदाच घुसायचं. जमलं तर दोन गुण आणि विजय, नाही जमलं तर सगळं संपलं.

"किक," नवरा म्हणाला. "सेन्सिबल माणूस किकच मारेल."

"नाही," बाबा उभे राहिले. "पोरं थकली आहेत. मोठ्यांकडे ताजे गडी रांगेत बसले आहेत. जादा वेळात मरतील. आत्ता हातात आहे तं आत्ताच. आपला सगळ्यात चांगला गडी पुढे घाल!"

जणू ऐकू गेल्यासारखी प्रशिक्षकाने दोन बोटं वर केली. बॉल त्यांच्या सर्वांत जोरदार धावणाऱ्या मुलाच्या हातात गेला. तो घुसला, आणि रेषेच्या एक हात अलीकडे चौघांनी त्याला पाडलं.

नवरा उडी मारून ओरडला, मग सासऱ्यांची आठवण होऊन पटकन खाली बसला. "सॉरी, बाबा."

"आजोबा, युअर टीम लॉस्ट," लेक म्हणाली.

"हो बेटा, हरली," बाबा शांतपणे म्हणाले. "पण निर्णय बरोबर होता. निर्णय वेगळा, निकाल वेगळा. सगळ्यात चांगला गडी घेऊन गेला न तो? मग त्याची चूक नाही."

माझ्या हातात ताटली होती. ती मी खाली ठेवली.

"आणि आपला, बाबा? फायनलचा?"

कुठली फायनल, असं त्यांनी विचारलं नाही. टीव्हीवर जिंकणारे नाचत होते. नवऱ्याने आवाज बंद केला. हा सगळा प्रकार त्याला लग्नापासून ठाऊक होता, माझ्या बाजूने.

"तो चूक होता," बाबा म्हणाले. "जिंकलो असतो तरी चूकच होता."

मी उठून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मंडपात मागे कोणीतरी म्हणालं, मास्तरची पोरगी म्हणून पहिल्या तुकडीत. मले ते लागलं. मी त्या लोकांकडे पाहून तुकड्या पाडल्या, तुझ्याकडे पाहून नाही. भरवसा तं तुझ्याएवढा कोणावरच नव्हता. हे तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. लाज वाटे."

मला रडू आलं आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मिसळीचा ठसका लागला. नवऱ्याने पाणी दिलं. पंचवीस वर्षं मी जे धरून बसले होते ते खोटंच होतं, आणि ते खोटं निघाल्याचा मला इतका आनंद झाला, की मी बाबांच्या मफलरीलाच डोळे पुसले.

"मम्मा, व्हॉट हॅपन्ड?" लेक विचारत होती.

"थांब, दाखवतो," म्हणून बाबा गुडघे धरत खाली बसले. वाटीतून नऊ शेंगदाणे मोजून काढले आणि कार्पेटवर तीन-तीनच्या तीन ओळी मांडल्या.

"व्हिच वन इज मम्मा?"

बाबांनी शेवटच्या ओळीतला एक टपोरा शेंगदाणा उचलला आणि पहिल्या ओळीतला एक तिकडे सरकवून त्याच्या जागी, सगळ्यांच्या पुढे ठेवला. "ही."

मग त्यांनी तो डाव पुन्हा खेळवला. पहिल्या तुकडीतल्या दोघी बाद झाल्या. त्या लेकीने खाल्ल्या. मी पळत राहिले. दोन मिनिटं, चार मिनिटं, सहा मिनिटं. बाबांचं बोट त्या शेंगदाण्याला कार्पेटभर नागमोडी पळवत होतं.

"तरी पण बाबा, पुण्याची टीम असती तर..." असं म्हणत नवऱ्याने सवयीने हात पुढे केला आणि टपोरा शेंगदाणा उचलू लागला.

बाबांनी जावयाच्या हातावर फाडकन चापट मारली.

"हात लावू नका, जावईबापू. ती अजून बाद नाही झाली."